मोडीत जाणाऱ्या डब्या

चांदीचा भाव चढला, की इंदूरच्या जुन्या घरांतली फडताळे जागी होतात. झिजलेल्या वाट्या, वाकलेले ताम्हन, जोडीतला एकच उरलेला वाळा, असे गाठोडे सराफ्यात जाते. त्यात कधी एखादी आगपेटीहूनही लहान डबी असते. ती कशाची, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. तोलात ती एखाद-दोन तोळे भरते आणि मोडीत जाते. मी अशा जुन्या इंग्रजी डब्या जमवतो. म्हणून तिची बाजू मांडण्याचा हा खटाटोप.

झाकण उघडल्यावर आत सोन्याचा मुलामा आणि बिजागरीवर उघडणारी नक्षीदार जाळी दिसली, तर ती वासाची डबी समजावी. जाळीखाली सुगंधी सिरक्यात भिजवलेला स्पंजाचा तुकडा असे. भोवळ आली किंवा रस्त्यावरची दुर्गंधी असह्य झाली, की मडमा ती नाकाशी धरीत. आपल्याकडे कानात अत्तराचा फाया, तसेच हे. मुलामा नुसत्या शोभेचा नव्हे. सिरक्याने चांदी खराब होऊ नये म्हणून तो दिलेला असे. बर्मिंगहॅमच्या नॅथॅनियल मिल्सने १८३०-४० च्या सुमारास केलेल्या काही डब्यांच्या झाकणांवर विंडसरसारखे किल्ले उठावात काढलेले आहेत. संग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात.

तपकिरीची डबी आपल्या आजोबांनाही परिचयाची. काड्यांच्या डबीला काडी ओढण्यासाठी खरखरीत पट्टी असते. जायफळाच्या डबीत इवलीशी किसणी असते. आपण श्रीखंडात घालतो ते जायफळ साहेब आपल्या पेयावर किसून घेई.

डबीची जन्मपत्रिका तिच्या अंगावरच असते. भिंगातून पाहावे. चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. तेथील तपासणी कचेरी १७७३ साली सुरू झाली. बिबट्याचे मुख म्हणजे लंडन. एक अक्षर वर्षाचे, दोन-तीन अक्षरे कारागिराची. १७८४ ते १८९० या काळात राजाचे किंवा राणीचे मस्तकही उमटवीत. ती कर भरल्याची खूण. मात्र ‘ई.पी.एन.एस.’ अशी अक्षरे दिसली, तर वर केवळ चांदीचा मुलामा आहे, असे समजावे.

अशा वस्तू आपल्याकडे निघाव्यात यात नवल नाही. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदुरास रेसिडेन्सी आली, महूस छावणी पडली, आणि साहेबांशी आपल्या लोकांचा दरबारी राबता वाढला.

माणिकबागेतले यशवंतराव होळकरांचे सामान १९८० साली मोनाकोत लिलावात निघाले. ते इंदुरातून गेले. पण निदान नावानिशी नोंदले गेले. मोडीतल्या डबीची मात्र नोंदही राहत नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू जन्मभर जमवल्या आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. तेवढे सर्वांना कोठून साधणार? पण गाठोडे बांधण्यापूर्वी डबी एकदा भिंगाखाली धरणे आणि ती कोणाची, कोठून आली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवणे, एवढे तर कोणालाही जमेल. सांगणारी माणसे आहेत, तोवरच हे व्हायला हवे. चांदी पुन्हा विकत घेता येते. ती हकीकत कोणत्याही सराफाकडे मिळत नाही.