भोपळा सजवा, पण कापू नका

ऑक्टोबर संपत आला की आकाशकंदिलांच्या शेजारी आता केशरी भोपळ्याचे चेहरेही दुकानांत दिसू लागतात. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला असतो. २०२४ मध्ये तर तो नेमका नरकचतुर्दशीच्या दिवशी आला होता. ठाणे-भिवंडी रस्त्यावरच्या काल्हेरमध्ये एखाद्या सोसायटीतल्या मुलांनी यंदा भोपळा सजवायचे ठरवले, तर त्यांना नाही म्हणण्याचे काही कारण नाही. पण भोपळा पोखरून, डोळे-नाक कोरून आत मेणबत्ती लावायची पद्धत आपल्या हवेला आणि मुलांच्या हातांना झेपणारी नाही.

ही पद्धत थंड प्रदेशातली. आयर्लंडमध्ये पूर्वी सलगमसारखे कंद कोरत. तिथले लोक अमेरिकेत स्थलांतरित झाले तेव्हा त्यांना कोरायला सोपा, मोठा भोपळा मिळाला. तिथे ऑक्टोबरअखेर हवा गार असते. खाडीकाठच्या काल्हेरमध्ये त्याच दिवसांत दुपारचा पारा तिशीच्या वर असतो आणि हवेत दमटपणा असतो.

अख्खा भोपळा तोडल्यानंतरही जिवंत असतो. त्याच्या पेशी मंद श्वसन करत असतात. टणक साल आणि तिच्यावरचा मेणाचा पातळ थर आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बुरशीला आत येऊ देत नाही. सुरीने साल फोडली की ओला, गोडसर गर उघडा पडतो. हवेत बुरशीचे बीजाणू नेहमीच असतात. ऊब, ओल आणि साखर मिळाली की ते दोन-तीन दिवसांत वाढतात. गर मऊ पडतो, चिलटे घोंघावतात आणि काळी-पांढरी लव दिसू लागते. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना अशा बुरशीचा त्रास होऊ शकतो.

सुरीचा धोका वेगळाच. भोपळ्याची साल कडक आणि गोलाकार असते. जोर लावताना सुरी सटकते आणि भोपळा धरलेल्या दुसऱ्या हाताच्या बोटांत घुसते. तिथे त्वचेखाली लगेचच स्नायुबंध आणि नसा असतात. म्हणूनच अमेरिकेतले हाताचे शल्यचिकित्सक या सणाच्या सुमारास सावधगिरीच्या सूचना देतात.

न कापता फळ टांगायची रीत आपल्याकडे आहेच. नव्या घराच्या किंवा दुकानाच्या दारावर, दृष्ट लागू नये म्हणून लाल कापडात कोहळा बांधतात. कर्नाटक, आंध्रात तर त्याच्यावर मोठ्या डोळ्यांचा राक्षसी चेहराही रंगवतात. दृष्टीचे काय ते ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. पण तो कोहळा बराच काळ टिकतो, याचे कारण विज्ञानात आहे. साल अखंड असते, वर मेणाची पांढरी पूड असते आणि टांगल्यामुळे चारी बाजूंनी हवा लागते. फरशीवर ठेवलेल्या फळाचा तळ ओलसर राहतो आणि सडणे तिथूनच सुरू होते.

भोपळा सजवतानाही हेच तीन नियम पाळावेत. देठ शाबूत असलेला, ठोकर किंवा डाग नसलेला भोपळा निवडा. देठ तुटला की तिथून बुरशीला वाट मिळते. ओल्या फडक्याने पुसून तो पूर्ण कोरडा होऊ द्या. ठेवताना खाली वर्तमानपत्र किंवा चुंबळ ठेवा आणि जागा सावलीची, हवेशीर असू द्या. खिळे, टाचण्या अजिबात टोचू नका, कारण प्रत्येक भोक म्हणजे एक जखमच. शेजारी पणती लावायची असेल तर कागदाच्या सजावटीपासून लांब ठेवा किंवा बॅटरीवरचा दिवा वापरा.

सजावटीत कागदाचे डोळे, लोकरीचे केस, जुन्या ओढणीचा फेटा, सुतळीच्या मिशा काहीही चालेल. हे सगळे दोऱ्याने बांधता येते, म्हणजे डिंकही लागत नाही. रंगच हवा असेल तर आधी ठरवा: हा भोपळा नंतर खायचा की नाही? खायचा असेल तर रंग लावू नका. रंगाच्या बाटलीवर 'विषारी नाही' असे लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ 'खाण्याजोगा' असा होत नाही. सालीवरचा रंग चिरताना सुरीबरोबर गरात जातो. माळ्यावर पडलेला जुना ऑइल पेंटचा डबा तर मुलांच्या हाती मुळीच देऊ नका. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा कमी असावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांत शिसे जास्त असू शकते आणि मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही.

सण झाला की सजावट उतरवा, भोपळा वाहत्या पाण्याखाली धुवा आणि खुशाल चिरा. पिवळ्या-केशरी गरातल्या बीटा-कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते. ते शोषले जायला थोडे तेल-तूप लागते, म्हणून फोडणीची भाजी, भरीत किंवा तुपातले घारगे हा चांगला मार्ग. बिया धुऊन, वाळवून भाजल्या तर मुलांच्या डब्यात चालतात. चिरलेला भोपळा झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. एक गोष्ट मात्र विसरू नका. फोड चाखल्यावर कडू लागली तर ती थुंकून सगळा भोपळा टाकून द्या. तो कडूपणा कुकर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवूनही जात नाही.