जिथे जमलं, तिथे कसं जमलं?

विमान उतरतं, प्रवासी सामानाच्या पट्ट्याजवळ उभा राहतो आणि त्याची बॅग काही येत नाही. ब्रिटिश एअरवेजच्या उत्तर अमेरिकेतल्या ग्राहकसेवा विभागाचे कर्मचारी सुधारणेचे विषय ठरवायला जमले, तेव्हा बराच वेळ याच तक्रारीवर बोलणं झालं. डायना व्हिटनी आणि अमांडा ट्रोस्टन-ब्लूम या सल्लागारांनी तो प्रसंग आपल्या पुस्तकात नोंदवला आहे. हरवलेली बॅग लवकरात लवकर परत मिळवून द्यायची, असं उद्दिष्ट कर्मचाऱ्यांनी सुचवलं. त्यावर त्यांना विचारलं गेलं, लवकर परत करता आली तर बॅगा हरवल्या तरी चालतील का? अर्थातच नाही. मग तुम्हाला जास्त प्रमाणात घडायला हवं आहे ते काय? चर्चेअंती उत्तर आलं : प्रवाशाचं आगमन उत्तम व्हावं. तिथून शोधाची दिशा बदलली. ज्या विमानतळांवर प्रवासी समाधानाने बाहेर पडतो, तिथले लोक नेमकं काय करतात, हे आता पाहायचं होतं.

आपल्याकडच्या संस्थांना दुसऱ्या प्रकारच्या चौकशीची सवय आहे. शाळेची तपासणी असो, बँकेचं ऑडिट असो की रुग्णालयात नेमलेली समिती, अहवालात त्रुटी येतात, ताशेरे येतात आणि मग खुलासे मागवले जातात. हे सगळं आवश्यक आहे. पण वर्षानुवर्षं फक्त हेच विचारलं गेलं की माणसं कागद सांभाळून ठेवायला शिकतात. चांगलं झालेलं काम कसं झालं, याची नोंद कुठेच राहत नाही. ते करणारी व्यक्ती बदलून गेली किंवा निवृत्त झाली की ते ज्ञानही तिच्याबरोबर जातं.

१९८० साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात डेव्हिड कूपररायडर हा तरुण संशोधक केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पीएच.डी. करत होता. क्लीव्हलँड क्लिनिक या मोठ्या रुग्णालयाच्या कारभारात, माणसांच्या बाजूने काय बिघडलं आहे, हे शोधायचं काम त्याच्याकडे होतं. मुलाखती घेताना डॉक्टरांमधलं सहकार्य आणि नवं करून पाहण्याची त्यांची तयारी त्याच्या नजरेत भरली. त्याचे मार्गदर्शक, भारतीय वंशाचे प्राध्यापक सुरेश श्रीवास्तव यांनी त्याला याच गोष्टीचा पाठपुरावा करायला सांगितलं. रुग्णालय उत्तम चालतं तेव्हा ते कशामुळे चालतं, हाच अभ्यासाचा विषय झाला. १९८७ साली या दोघांच्या शोधनिबंधातून ही पद्धत अभ्यासकांपुढे आली. तिचं नाव अ‍ॅप्रिशिएटिव्ह इन्क्वायरी.

या पद्धतीत कर्मचारी सहसा जोड्या करून एकमेकांच्या मुलाखती घेतात. शिपाई व्यवस्थापकाला विचारतो, परिचारिका डॉक्टरला विचारते. ‘इथल्या नोकरीतला असा प्रसंग सांगा, जेव्हा काम मनासारखं झालं. तेव्हा कोण काय करत होतं? कोणत्या गोष्टीमुळे ते शक्य झालं?’ ‘तुमची संस्था चांगली आहे का’ असं विचारलं, तर औपचारिक उत्तर मिळतं. प्रसंग विचारला, तर तपशील मिळतात : कोणाला निर्णयाची मोकळीक होती, निरोप वेळेवर कसा पोहोचला, कोणता नियम बाजूला ठेवावा लागला. अशा अनेक प्रसंगांतून समान धागे शोधायचे, त्यांच्या आधारे संस्था पुढे कशी असावी याचं चित्र मांडायचं, मग आराखडा आणि शेवटी अंमल, असे चार टप्पे पुढे रूढ झाले. बंगळुरूच्या मायराडा या संस्थेने हीच पद्धत दक्षिण भारतातल्या खेड्यांमध्ये वापरली. त्या अनुभवावरचं ‘द पॉझिटिव्ह पाथ’ हे पुस्तक २००१ साली निघालं.

याच विचाराची दुसरी वाट व्हिएतनाममध्ये निघाली. १९९० च्या अखेरीस जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य ‘सेव्ह द चिल्ड्रन’च्या वतीने तिथे गेलं. बालकांचं कुपोषण कमी करून दाखवायला सरकारने त्यांना सहा महिन्यांची मुदत दिली होती. थान्ह होआ प्रांतातल्या गावांत मुलांची वजनं घेतली गेली आणि स्टर्निन यांनी गावकऱ्यांपुढे एक प्रश्न ठेवला : अगदी गरीब असूनही ज्यांचं मूल सुदृढ आहे, अशी घरं आहेत का? होती. त्या घरांतल्या आया भाताच्या खाचरातले बारीक खेकडे आणि कोळंबी, शिवाय रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत. इतर घरांत हे लहान मुलांना चालत नाही अशी समजूत होती. सुदृढ मुलांना दिवसातून जास्त वेळा भरवलंही जाई. स्टर्निन यांनी व्याख्यानं दिली नाहीत. आयांनी एकत्र यायचं, येताना मूठभर कोळंबी, खेकडे किंवा पाला आणायचा, आणि सोबत रांधून मुलांना भरवायचं, असा क्रम ठेवला. उपाय गावाचाच होता आणि परवडणाराही होता, म्हणून तो टिकला आणि इतर गावांत पसरला.

या मार्गावर कडक टीकाही झाली आहे, आणि ती समजून घेतली पाहिजे. फक्त चांगलं बोला असा आग्रह धरला, तर ज्याच्यावर अन्याय होतो आहे त्याचं तोंड बंद होतं. थकलेले पगार, छळ, अपघात यांची रीतसर चौकशीच व्हायला हवी. तिथे यशोगाथा विचारणं क्रूरपणाचं ठरेल. जर्वेस बुश आणि अनीफ कसम यांनी २००५ साली अ‍ॅप्रिशिएटिव्ह इन्क्वायरीची २० उदाहरणं तपासली. त्यांपैकी फक्त ७ ठिकाणी संस्थेत मूलभूत बदल झालेला दिसला. चांगल्या अनुभवांची विचारपूस इतर ठिकाणीही झालीच होती. या सात ठिकाणी त्या विचारपुशीतून संस्थेकडे पाहण्याची नवी दृष्टी निघाली होती, आणि त्या दृष्टीने काय करायचं हे ठरवण्याची मोकळीक कर्मचाऱ्यांना मिळाली होती. उरलेल्या बहुतेक ठिकाणी वरून आखलेला आराखडा राबवला गेला.

मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. जमलेल्या कामाचा शोध म्हणजे सत्कार समारंभ नव्हे. त्यालाही पुरावा लागतो, तुलना लागते आणि ऐकणाऱ्याकडे अधिकार सोडण्याची तयारी लागते. एकाच जिल्ह्यातल्या, सारख्याच परिस्थितीतल्या दहा शाळांपैकी एका शाळेत मुलं नीट वाचायला शिकत असतील, तर तिथल्या शिक्षकांना पुरस्कार देऊन थांबू नये. इतर नऊ शाळांतल्या शिक्षकांनी तिथे जाऊन आठवडाभर बसावं, स्वतः विचारावं, पाहावं आणि आपल्या वर्गात काय करायचं ते स्वतः ठरवावं. तपासणीच्या नमुन्यात त्रुटींच्या रकान्याशेजारी ‘इथे काय जमलं आणि कशामुळे’ हा रकाना हवा. तो भरण्याचं काम तपासनिसाकडे न देता प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडे द्यावं, कारण ते उत्तर त्यांच्याखेरीज कोणालाच ठाऊक नसतं.