फी सरकार भरेल, सही आठ वर्षांची

सॅन अँटोनियो, टेक्सास : या शहराच्या रिव्हर वॉकवर शनिवार-रविवारी निळ्या गणवेशातली मुलंमुली आईवडिलांसोबत फिरताना दिसतात. गावाला लागूनच लॅकलंडचा तळ आहे. अमेरिकी हवाई दलाच्या नव्या जवानांचं प्राथमिक प्रशिक्षण तिथे होतं आणि साडेसात आठवड्यांनी संचलन झालं की घरच्यांना भेटायला सुटी मिळते. परवा नदीकाठच्या एका हॉटेलात शेजारच्या टेबलावर असंच एक कुटुंब बसलं होतं. मुलगी जेमतेम एकोणीसची, पाठ ताठ, बूट लखलखीत. आई तिच्या ताटात आणखी एक टॅको सरकवत होती. वडील प्लंबर. मी अभिनंदन केलं तर म्हणाले, ‘‘हिला नर्सिंग करायचंय. कॉलेजची फी माझ्याच्यानं झाली नसती.’’ लेकीचा अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता, पण तोंडून पहिल्यांदा निघाली ती फीच.

अमेरिकेत १९७३ पासून सक्तीची सैन्यभरती नाही. जो येतो तो आपखुशीने. आणि ज्या देशात विद्यार्थ्यांच्या डोक्यावरचं कर्ज दीड लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलंय, तिथे या आपखुशीत कॉलेजचा हिशेब असतोच.

हा हिशेब भक्कम आहे. २००९ पासून लागू झालेल्या ‘जीआय बिला’नुसार तीन वर्षं पूर्णवेळ सेवा केली की ३६ महिन्यांचं शिक्षण मिळतं, म्हणजे नऊ-नऊ महिन्यांची चार वर्षं, अख्खी पदवी. राज्याच्या सरकारी विद्यापीठाची सगळी फी सरकार भरतं. शिवाय दरमहा घरभाडं, तेही कॉलेज ज्या गावात असेल तिथल्या दराने, आणि पुस्तकांना वर्षाला १,००० डॉलरपर्यंत. सहा वर्षं झाल्यावर आणखी चार वर्षांची हमी दिली तर हा हक्क नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा मुलांच्या नावे करता येतो. घर घेताना सरकारी हमीवर कर्ज मिळतं आणि बहुतेकदा पदरचा एक डॉलरही आधी भरावा लागत नाही. आपल्याकडच्या अग्निवीराला चार वर्षांनी सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी एकरकमी मिळतो. इथे भर शिक्षणावर आहे, आणि मला तो अधिक दूरदृष्टीचा वाटतो.

ही दृष्टी सहज आलेली नाही. पहिल्या महायुद्धातले जवान कबूल केलेला बोनस मागायला १९३२ मध्ये वॉशिंग्टनला धडकले, तेव्हा त्यांना लष्कर घालून हुसकावण्यात आलं. ती शरम पुढाऱ्यांच्या मनात होती. दुसरं महायुद्ध सुरू असताना माजी सैनिकांचे एक नेते हॅरी कोल्मेरी यांनी मेफ्लॉवर हॉटेलच्या कागदांवर पहिल्या ‘जीआय बिला’चा मसुदा लिहून काढला आणि २२ जून १९४४ रोजी रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. १९४७ मध्ये कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे माजी सैनिक होते. शेतकऱ्यांची, गिरणी कामगारांची पोरं इंजिनिअर, शिक्षक झाली. अमेरिकेचा मध्यमवर्ग घडवण्यात या कायद्याचा वाटा फार मोठा. पण कारभार स्थानिक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि बँकांच्या हाती राहिला. त्याच १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यात सरकारी हमीची ३,२२९ कर्जं दिली गेली, त्यांतली काळ्या सैनिकांच्या वाट्याला आली फक्त दोन. एकाच युद्धात लढलेल्या माणसांवरचा हा अन्याय आजही तिथल्या घरादारांत दिसतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये बायडन यांनी विद्यार्थ्यांचं काही कर्ज माफ करण्याची घोषणा केली. तेव्हा इंडियानाचे खासदार जिम बँक्स यांनी उघड आक्षेप घेतला की यामुळे सैन्यभरतीचं मोठं आमिष निकामी होईल. त्या वर्षी लष्कराला ठरल्यापेक्षा सुमारे १५,००० माणसं कमी मिळाली होती. कर्जमाफी पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. खासदारांच्या बोलण्याने मी अस्वस्थ झालो. सैनिकाला शिकवणं ही कृतज्ञता आहे. भरती व्हावी म्हणून बाकीच्यांचं शिक्षण महागच राहू द्यावं, हा विचार क्रूर आहे. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांत सुमारे ७,००० अमेरिकी सैनिक गेले. फीसाठी आलेली पोरंही त्यांत होती.

ग्रीन कार्ड असलेल्यांनाही इथे भरती होता येतं, त्यामुळे काही मराठी घरांतूनही मला याबद्दल विचारणा होते. मी त्यांना करार नीट वाचायला सांगतो. पहिली सही साधारणपणे एकूण आठ वर्षांची असते. त्यातली काही पूर्णवेळ, उरलेली राखीव दलात, आणि राखीव जवानालाही युद्धावर बोलावता येतं. सन्मानाने सेवामुक्ती मिळाली नाही तर जीआय बिलाचं शिक्षण हातचं जातं. भरती अधिकारी तोंडी काहीही म्हणो, काम कोणतं, बोनस किती, हे कागदावर उतरल्याशिवाय सही करू नये.