सनईची पत्ती

लग्नसराई आली की पिंपळगाव राजात, साऱ्या खामगाव तालुक्यातच, वाजंत्र्यांचा विषय निघतो. बोलणं होतं ते सनईच्या गोडव्यावर आणि वाजवणाऱ्याच्या दमावर. आवाज जिथं जन्मतो त्या पत्तीचं नाव कुणी काढत नाही. संपादकांनी सनईवर लिहायला सांगितलं तेव्हाच ठरवलं, लिहायचं ते पत्तीवर.

इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. देवळांतले आणि वाड्यांवरचे नगारखाने, पुढे पुण्याच्या शंकरराव गायकवाडांची मैफलीतली सनई, सोलापूरच्या सिद्राम जाधवांची सुंद्री, म्हणजे सनईच्याच जातीचं छोटं वाद्य. १९५९च्या ‘गूँज उठी शहनाई’त वसंत देसाईंच्या संगीतातून बिस्मिल्ला खाँची फुंक घरोघरी पोचली. लाकडी नळी, भोकं, खालचा धातूचा कर्णा हे सगळं आपण पाहिलेलं असतं. पण पत्ती काढून घेतली, तर उरते ती नुसती मुकी नळी.

बिस्मिल्ला खाँ बिहारमधल्या डुमरावचे. तिथल्या नदीकाठच्या पोकळ गवताच्या पत्त्यांचं नाव सनईवाले आजही आदरानं घेतात. गवताचा तुकडा भिजवायचा, एक टोक दाबून चपटं करायचं, दुसरं टोक बारीक धातूच्या नळीवर दोऱ्यानं घट्ट आवळायचं. ताडाचं पान वापरलं, तर ते दुमडून कापायचं. दोन ओठ तयार होतात आणि त्यांच्यामधून हवा गेली की ते थरथरतात. युरोपातल्या ओबोचं तत्त्वही हेच. तिथं वेत चिरून, कोरून, दुमडून नळीवर बांधतात आणि चाकूनं टोक तासत राहतात. चांगले ओबोवादकही पत्त्या स्वतः करतात, कारण एकाच्या ओठांना मानवलेली पत्ती दुसऱ्याला मानवेलच असं नाही.

इथल्या एका वयस्क वाजंत्र्यानं मला आपली सनई दाखवली. तिच्या गळ्याशी दोऱ्यानं दोन-तीन जादा पत्त्या आणि एक बारीक सुई लटकत होती. त्यानं एक पत्ती तोंडात धरून भिजवली, उजेडाकडे करून तिचं तोंड पाहिलं, मग सुई आत घालून ते किंचित उघडलं. नुसत्या पत्तीवर फुंकून पाहिलं आणि मान हलवली. तोंड जास्त उघडं राहिलं तर फुंक पुरत नाही, जास्त मिटलं तर आवाज गुदमरतो. पत्ती नळीत थोडी आत सरकवली की सूर चढतो, बाहेर ओढली की उतरतो. चिमटीत धरून बाजूनं हलकेच दाबणं, पुन्हा फुंकणं, पुन्हा दाबणं असं बराच वेळ चाललं. त्याच्या बोटांत काही घाई नव्हती. मी आजवर पाहिलेल्या कसबांत इतकं बारीक आणि इतकं विनापुराव्याचं दुसरं नाही. केलेल्या कामाची खूण डोळ्यांना दिसतच नाही, ती कानालाच कळते.

आणि हे एकट्याचं नसतं. जोडीला सूर धरणारा असतो. गाल फुगवून, नाकानं श्वास घेत तो एकच सूर अखंड लावून ठेवतो. त्याची पत्ती मुख्य सनईच्या पत्तीशी जुळली नाही, तर सगळी मंगलघडी बेसूर होते.

आता अडचण बघा. वऱ्हाडातली लग्नं एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार असताना. पत्तीला ओल हवी आणि नेमकी याच दिवसांत हवेत ओल नसते. दोन फुंकांच्या मधल्या विसाव्यात ती सुकते, वाकते, कधी उभी चिरते. त्यामुळे वाजवणारा विधी चालू असतानाही पत्ती तोंडातून फारशी काढत नाही. पण हा त्रास तर बापजाद्यांनीही सोसला. नवा त्रास वेगळा आहे. अंतरपाटाच्या वेळी मोबाइलवरून सनई लावली जाते, मिरवणूक डीजेची. वाजंत्र्याला बोलावलं तरी थोडा वेळ वाजवून तो मोकळा. रोज वाजलं नाही तर पत्ती झिजत नाही, आणि ती झिजवल्याशिवाय कोणती किती दिवस चालेल हे कळत नाही. बसवायला शिकायचं तर ढीगभर पत्त्या वाया घालवाव्या लागतात. कमाईच इतकी आटल्यावर तो ढीग कुणाला परवडणार? सनई शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात पहिला महिना नुसत्या पत्तीचा असावा, आणि गवत, दोरा, वाया गेलेल्या पत्त्या यांचा खर्च वर्गानं उचलावा, असं मला मनापासून वाटतं. रागाचं शिक्षण त्यानंतरही होईल.