घरची टिपणवही फोनमध्ये ठेवायची, तर कोणती?

तुमच्या घरच्या भिंतीवरचे कॅलेंडर एकदा जवळ जाऊन पाहा. १९७३ साली 'कालनिर्णय' निघाले, तेव्हापासून मराठी घरात भिंतीवरचे पान हीच टिपणवही झाली आहे. तारखेच्या चौकोनात दुधाचे लिटर, गॅस आल्याची खूण, म्हैस फळवल्याचा दिवस, सारे काही असते. पण वर्ष संपले की ते पान रद्दीत जाते आणि त्याबरोबर हिशेबही जातो.

आपल्या चंदगड तालुक्यात नोंदींना तोटा नाही. भाताचा तरवा कधी टाकला, उसाची लागण कोणत्या तारखेची, काजू बी किती किलो कोणत्या दराने गेली, बेळगावच्या बाजारात रताळ्याची पट्टी काय आली, मजुरांची हजेरी किती आणि उचल किती दिली. आता घरोघरी मोबाईल आला आहे. त्यात टिपणे ठेवण्याची ॲपे ढीगभर मिळतात. त्यातले कोणते घ्यावे?

पहिले, व्हॉट्सॲप. २०२२ च्या अखेरीस त्यात स्वतःलाच निरोप पाठवण्याची सोय आली. नवे काही शिकावे लागत नाही. पट्टीचा फोटो काढला, स्वतःला धाडला, झाले. पण निरोप एकाखाली एक साठत जातात. मार्चमधली काजूची पट्टी दिवाळीत शोधताना दमछाक होते. बॅकअप घेतलेला नसेल आणि फोन बिघडला, तर सारेच गेले.

दुसरे, गूगल कीप. हे २०१३ साली निघाले व फुकट आहे. प्रत्येक टिपण वेगळ्या चिठ्ठीसारखे राहते. त्याला रंग देता येतो, 'ऊस', 'म्हैस', 'मजुरी' अशी नावे लावता येतात, फोटो जोडता येतो. तारीख लावली की त्या दिवशी फोन आठवण करून देतो. एकच टिपण नवरा-बायको दोघांच्या फोनवर ठेवता येते. त्यासाठी दोघांचेही गूगल खाते लागते.

तिसरे, मायक्रोसॉफ्टचे वननोट. हे वहीसारखे आहे. वहीत भाग, भागात पाने. शिकणाऱ्या मुलांना किंवा संस्थेचे कामकाज पाहणाऱ्याला ते सोयीचे. दोन ओळींच्या नोंदीसाठी मात्र ते जड पडते.

चौथे, एव्हरनोट. एके काळी याचा फार बोलबाला होता. परंतु डिसेंबर २०२३ पासून फुकट वापरणाऱ्याला फक्त ५० टिपणे व एकच वही, असे बंधन आले. यातून धडा घ्यावा. परक्याच्या गोठ्यात जनावर बांधले की गोठ्याचा नियम मालक ठरवतो. खुद्द गूगलनेही आपली जुनी 'नोटबुक' ही सोय २०१२ मध्ये बंद केली होती.

तेव्हा ॲप निवडताना तीन गोष्टी पाहा. रेंज नसताना ते उघडते का? आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते, डोंगराआड रेंज मिळत नाही. फोन विमान-मोडवर टाका आणि एक टिपण लिहून पाहा, लगेच कळेल. दुसरे, फोन हरवला तर नोंदी नव्या फोनवर परत येतात का? त्या खात्यात साठत असतील तरच येतात. म्हणून खात्याचे नाव व पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. तिसरे, तुम्ही आजारी पडलात तर घरातल्या दुसऱ्या माणसाला वही उघडता येईल का?

साध्या घरगुती नोंदींसाठी आमच्या मते कीप पुरेसे आहे. उदाहरण घ्या. म्हैस १ जूनला भरवली. माज उलटतो का, ते साधारण २१ दिवसांनी, म्हणजे २२ जूनच्या सुमारास पाहावे लागते. गाभण राहिली, तर सुमारे ३१० दिवसांनी, ७ एप्रिलच्या आसपास, ती विते. त्याआधी दोन महिने, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, तिला आटवावी. ही तीन टिपणे तीन तारखा लावून ठेवा. एक माज हुकला तर तीन आठवडे फुकट जातात, चारा मात्र चालूच राहतो.

एक पथ्य पाळा. शब्द नेहमी एकाच पद्धतीने लिहा. आज 'म्हैस', उद्या इंग्रजी अक्षरांत, असे केले तर शोधताना निम्म्या नोंदी सापडणार नाहीत. बँकेचा पिन किंवा एटीएमचा आकडा कुठल्याही टिपणात लिहू नका.

कागदाची वही मात्र सोडू नका. उसनवारी, जमिनीचा व्यवहार, मजुराला दिलेली उचल, यांवर समोरच्याची सही लागते, आणि ती कागदावरच शोभते. त्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवावा, म्हणजे वही भिजली तरी मजकूर राहतो.

सुरुवात एकाच कामाने करा. पुढचा महिनाभर फक्त दुधाचा हिशेब फोनमध्ये लिहा आणि संस्थेच्या बिलाशी ताडून पाहा. जमले, तर मजुरी घ्या. नाही जमले, तर ॲप बदला. नोंद ठेवणे मात्र थांबवू नका.