दखलपात्र की अदखलपात्र?

मुलांनो, अमेरिकन मालिकांमध्ये तुम्ही ‘फेलनी’ आणि ‘मिसडिमीनर’ हे शब्द ऐकले असतील. फेलनी म्हणजे मोठा गुन्हा. तिथल्या केंद्रीय कायद्यात ज्याला एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकते, तो फेलनी. त्याहून लहान तो मिसडिमीनर. सिंगापूरच्या किंवा भारताच्या कायद्यात मात्र अशी विभागणी नाही. ही पद्धत मूळची इंग्लंडची, पण तिथेही १९६७ च्या कायद्याने ती बंद झाली.

मग आपल्याकडे काय पाहतात? वॉरंट नसताना पोलीस अटक करू शकतात का, हे! करू शकत असतील तर गुन्हा ‘दखलपात्र’, नाहीतर ‘अदखलपात्र’. सिंगापूरमध्ये यांना ‘अरेस्टेबल’ आणि ‘नॉन-अरेस्टेबल’ म्हणतात. कोणता गुन्हा कशात मोडतो, हे दोन्ही देशांत फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात लिहिलेले असते. उदाहरणार्थ, बदनामी दोन्हीकडे अदखलपात्र आहे. भारतात साधी मारहाणही अदखलपात्र; म्हणून पोलीस नुसती ‘एन.सी.’ लिहून घेतात.

हे साम्य योगायोगाने आलेले नाही. सिंगापूरची १८७१ ची दंडसंहिता भारताच्या १८६० च्या दंडसंहितेवरून बेतलेली आहे. फसवणुकीचे कलम ४२० दोन्हीकडे एकच होते. १ जुलै २०२४ पासून भारतात नवी न्याय संहिता आली आणि तिथे ते कलम ३१८ झाले. सिंगापूरमध्ये मात्र ‘चारसोबीस’ अजून ४२०च आहे!

आता महत्त्वाचे. भारताच्या नव्या कायद्यात ५,००० रुपयांखालची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू परत केली, तर समाजसेवेची शिक्षा आहे; अशी चोरी अदखलपात्र आहे. सिंगापूरमध्ये अशी सूट नाही. टॅम्पिनीसच्या दुकानातून उचललेले एक चॉकलेटसुद्धा चोरीच, आणि चोरी अरेस्टेबल आहे. मित्रांनी ‘गंमत’ म्हणून पैज लावली, तरीही!

पालकांसाठी : सिंगापूरमध्ये १० वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही (भारतात ७). १० ते १२ वयात मुलाची समज पाहिली जाते. त्यानंतर ‘लहान आहे’ एवढ्यावर सुटका नाही. मुलांशी याबद्दल घरी जरूर बोला.

शब्दार्थ
वॉरंट – न्यायालयाचा अटकेचा लेखी हुकूम
दंडसंहिता – गुन्हे व शिक्षा सांगणारा कायदा
परिशिष्ट – कायद्याच्या शेवटी जोडलेला तक्ता
बदनामी – खोटेनाटे सांगून एखाद्याचे नाव खराब करणे