विमानाचा पल्ला आणि प्रवासाचा वेळ

हल्लीं कामाची निकड असतां शेतकरी बंधूही विमानानें जाऊं लागले आहेत. परंतु विमानाचें अंतर निराळें व घरापासून कामाच्या जागेपर्यंत लागणारा वेळ निराळा, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. यास्तव नागपूर ते पुणें या मार्गाचा हिशेब येथें मांडतों.

प्रथम अंतर पाहूं. सडकेनें तें ७०० किलोमीटरांहून अधिक भरतें. कारण सडक नद्या, डोंगर व गांवें पाहून वळणें घेते. विमानाची वाट मोजणीच्या ताणलेल्या साखळीप्रमाणें बहुतेक सरळ असते. नागपूरचा सोनेगांव येथील तळ व पुण्याचा लोहगांव येथील तळ यांच्या अक्षांशांत सुमारें २.५१ अंशांचा फरक आहे. अंशाचे १११ किलोमीटर धरतां दक्षिणोत्तर भुज २७८ किलोमीटर होतो. रेखांशांचा फरक ५.१३ अंश. आपल्या प्रदेशांत रेखांशाचा अंश सुमारें १०५ किलोमीटरांचा असल्यानें पूर्वपश्चिम कोटि ५३८ किलोमीटर येते. या दोहोंचा कर्ण सुमारें ६०५ किलोमीटर, हाच विमानाचा पल्ला.

मोठ्या विमानाचा उंचावरील वेग ताशीं सुमारें ८०० किलोमीटर असतो. त्या मानानें पाऊण तास पुरावा. तथापि वेळापत्रकांत दीड तासाच्या आसपास वेळ दिलेला असतो. कारण विमानास तळावर सावकाश चालावें लागतें, चढतांना व उतरतांना वेग कमी ठेवावा लागतो आणि उतरण्याच्या पाळीसाठीं कधीं घिरट्याही घालाव्या लागतात. शिवाय हिंवाळ्यांत उंचावर पश्चिमेचा वारा जोराचा असतो. तो पुण्यास जातांना समोरून येतो व परततांना साह्य करितो.

वर्धा जिल्ह्यांतील आमचे एक परिचित गृहस्थ गतवर्षीं पौष मासांत जमिनीच्या सुनावणीकरितां पुण्यास निघाले. सुनावणी अकरा वाजतां व विमान सकाळीं आठाचें. पाऊण तासाचा हिशेब मनांत धरून ते निर्धास्त होते. विमान वेळेवर उतरलें. परंतु सामान मिळून शहरांत पोंचेपर्यंत पुकारा होऊन गेला होता. निकाल त्यांच्या गैरहजेरींत झाला व आतां अपिलाचा खर्च माथीं आला.

खरा हिशेब असा: वर्ध्याहून सोनेगांवास दोन तास, तळावर आगाऊ दोन तास, विमानांत दीड तास, सामानास अर्धा तास, लोहगांवाहून कचेरीपर्यंत एक तास, एकूण सात तास. पैकीं हवेंतील वेळ चतुर्थांशाहूनही कमी आहे. पल्ला लहान झाला तरी जमिनीवरील साडेपांच तास कमी होत नाहींत. म्हणून जवळच्या गांवीं विमानानें जाण्यांत बहुधा लाभ नसतो, आणि दूरच्या गांवीं तो निश्चित असतो.

तात्पर्य, तारीख कचेरीची असो वा लग्नाची, तिकिटावरील वेळ पाहून निघूं नये. घराचा उंबरठा ओलांडल्यापासून वेळ मोजावा, आणि काम सकाळचें असल्यास आदले दिवशींच पोंचावें. मुक्कामाचा एका रात्रीचा खर्च हुकलेल्या तारखेहून स्वस्त पडतो.